निळी चिकटपट्टी

चोवीस चौरस मीटर.
मांडालुयोंग, एकविसावा मजला, खिडकी पासिग नदीकडे,
म्हणजे नदीच्या आड उभ्या राहिलेल्या
दुसऱ्या इमारतीच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे.

पेर्लिताने मोबाइलवर सोफा दाखवला,
काटकोनात वळलेला, करडा, हप्त्यांवर मिळणारा.
नेस्तोरने टीव्ही दाखवला, तो तर सोफ्याहून लांब.
मी पिशवीतून निळी चिकटपट्टी काढली
आणि विचारलं,
तुमच्यात आधी कोण उठतं?

असं कुणी विचारलं नव्हतं त्यांना,
बँकेनेसुद्धा नाही.

हा रात्रभर फोनवर
ओहायोतल्या कुणाची तरी चुकलेली बिलं निस्तरतो,
पहाटे चारला परततो.
ती साडेचारला उठते, शाळा गाठायची असते पासिगपलीकडची.
पलंग एकच.
तिची उशी गार व्हायच्या आत त्याला झोप लागते.

मग मी गुडघे टेकून
कोऱ्या फरशीवर त्यांचं घर चिकटवत गेले.
इथे पलंग. ही कपाटाची पाठ,
भिंतीला लावायचं नाही, मध्ये आडवं घालायचं,
म्हणजे भाताच्या कुकरवरचा दिवा
त्याच्या पापणीपर्यंत पोचणार नाही.
हा पाव गोल न्हाणीच्या दाराचा.
दारालाही उघडायला जागा लागते हो,
नकाशात ती कुणी विकत घेत नाही.

"आता दिवा बंद करून चाला," मी म्हटलं.
नेस्तोर चालला.
"थांब. आत्ता तू सोफ्यातून आरपार गेलास."
पेर्लिता इतकी हसली
की तिला त्या नसलेल्या सोफ्यावरच बसावं लागलं.

अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात.
मी उलटं करते.
आधी पाय बघते, कुठून निघतात, कुठे अडखळतात,
मग अंथरुणाचं बोलू.

त्यांना मी सांगितलं नाही,
किआपोच्या आमच्या खोलीत
कपडे धुण्याचं यंत्र न्हाणीच्या दाराला अडवून उभं होतं.
अकरा वर्षं आम्ही अंग चोरून आत गेलो,
अकरा वर्षं म्हणत राहिलो, रविवारी हलवू.
आई पडली तो मंगळवार होता.
स्ट्रेचर वळेना.
शेजारच्या रुफिनोने तिला स्वयंपाकघरातल्या
प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून नेलं,
आणि ती, तशा अवस्थेत,
यंत्राला हात लावून म्हणाली, सरकव गं जरा.

म्हणून माझ्या नकाशात
पलंगापासून दारापर्यंत नव्वद सेंटिमीटर मोकळे असतात.
गिऱ्हाईक विचारतं, इथे काय येणार?
मी म्हणते, काही नाही.
ते म्हणतात, इतक्या महाग जागेत काही नाही?
मी मीटरपट्टी गुंडाळत राहते.

सहा महिन्यांनी गेले.
सोफा आला होता, पण दोघांपुरता, सरळ.
टीव्ही नव्हता. हप्ते होते.
दुबईच्या बहिणीचा भलामोठा खोका
पलंगाखाली बरोबर बसला होता, तो माझा हिशेब नव्हे, नशीब.
कपाटाच्या पाठीला बाळ येशूची मूर्ती, पुढे मिणमिणता बल्ब.

आणि त्या मोकळ्या जागेत, फरशीवर, दोन कप.
"सव्वाचार ते साडेचार," पेर्लिता म्हणाली,
"आम्ही इथे बसतो. पाय लांब करता येतात."

नेस्तोर मात्र मला बाजूला घेऊन म्हणाला,
पाण्याचं मशीन घ्यायचंय, गार-गरम दोन्ही देणारं.
तिथे छान मावेल.
"मावेल," मी म्हटलं.
"नाही मावणार," ती आतून ओरडली.

भांडण दहा मिनिटं चाललं.
मी तोवर खाली बघत होते.
पलंगाच्या पायाशी बोटभर निळी पट्टी
अजून कुणी काढली नव्हती,
कडा काळपट, मध्ये चालून चालून पांढरी.